अण्णांची जावा आणि भंगाराचा काटा

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाला दारात उभा राहिला. परड्यातल्या पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवून म्हणाला, "ते गाडीचं धूड द्यायचं का? सहा हजार देतो. इंजिन गच्च झालेलं दिसतंय, जास्त नाही निघणार."

ते धूड म्हणजे आमच्या अण्णांची १९७१ सालची जावा. अण्णा जाऊन चार वर्षं झाली. त्याच्या आधी दहा-बारा वर्षं गाडी शेडमध्येच उभी. टाकीत गंज, सीटमध्ये उंदराचं घर, टायर फाटून जमिनीला चिकटलेले. धाकटा भाऊ म्हणाला, देऊन टाक, जागा मोकळी होईल. आई काहीच बोलली नाही. फक्त आत जाऊन गाडीची चावी घेऊन आली आणि माझ्या हातात ठेवली. जावाची चावी ज्यांनी बघितली आहे त्यांना माहीत असेल, ती चावी नसतेच, जाडसर खिळा असतो. एकाची चावी दुसऱ्याच्या गाडीला लागायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

भंगारवाल्याला परत पाठवलं. गाडी चालू करायची ठरवली. बजेट ३५ हजार, त्याच्या वर एक रुपया नाही, कारण मुलीची फी तोंडावर होती. हे काम करता करता गाडीबरोबर एक इतिहासही उघडत गेला. तो आपल्या सगळ्यांचा आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा.

*ही गाडी आपल्याकडे आलीच कशी?*

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. फ्रांतिशेक यानेचेक नावाच्या उद्योजकाने १९२९ साली जर्मन वाँडरर कंपनीकडून मोटरसायकल बनवण्याचा परवाना घेतला. यानेचेकचा 'जा' आणि वाँडररचा 'वा', झाली जावा. इंडोनेशियातल्या जावा बेटाशी तिचा काही संबंध नाही, हे मलाही चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

स्वातंत्र्यानंतर मुंबईतल्या रुस्तम आणि फारुख इराणी यांनी या गाड्या आयात करून विकायला सुरुवात केली. पण पन्नासच्या दशकात सरकारने धोरण बदललं. ज्यांना गाड्या विकायच्या आहेत त्यांनी त्या इथंच बनवायच्या, नुसते सुटे भाग आणून जोडायचे नाहीत. जनरल मोटर्स आणि फोर्डने त्याच काळात आपला इथला गाशा गुंडाळला. त्यातच १९५६-५७ मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या सुरुवातीलाच परकीय चलनाची भीषण टंचाई आली. बाहेरून तयार गाडी आणणं जवळपास अशक्य झालं.

मद्रासला १९५५ साली एन्फिल्ड इंडिया उभी राहिली ती याच धोरणाच्या काळात. लष्कराला सीमेवर गस्तीसाठी बुलेट हवी होती, मग इंग्लंडहून सुटे भाग आणून जोडणी सुरू झाली आणि १९६२ पर्यंत सगळे भाग इथंच बनू लागले. इराणींनी म्हैसूर निवडलं. यादवगिरी भागात आयडियल जावाचा कारखाना उभा राहिला आणि १९६१ च्या सुमारास म्हैसूरची जावा रस्त्यावर आली. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून राजदूत काढली तीही साठच्या दशकातच. म्हणजे आज आपण ज्यांना 'क्लासिक' म्हणतो त्या तिन्ही गाड्या, इंग्रजी, चेक आणि पोलिश, आपल्या गावात आल्या त्या टंचाईमुळे. आवडनिवड नंतरची.

*टंचाईने मेस्त्री घडवला*

या टंचाईचा दुसरा परिणाम फारसा कुणी लिहून ठेवलेला नाही. गाडी मिळायलाच वर्षानुवर्षं लागत होती. आकुर्डीच्या चेतकसाठी लोक लग्न ठरायच्या आधी नंबर लावायचे आणि पोरगं शाळेत जायला लागल्यावर गाडी यायची, असा विनोद आमच्या घरात चालायचा. तो फार मोठा विनोदही नव्हता. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सने प्रिया बनवायला घेतली तरी रांगा काही लगेच संपल्या नाहीत.

अशा काळात गाडी बिघडली म्हणून टाकून देणं हा विचारच कुणाच्या डोक्यात येत नव्हता. बेअरिंग मिळत नाही? दुसऱ्या कशाचं तरी बसव. बुश झिजलं? लेथवर नवं काढ. बॉडीला तडा गेला? भर आणि घासून घे. आमच्या भागात याचं माहेरघर म्हणजे कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. शेतीची ऑइल इंजिनं, पंप, ओतकाम यावर ही वस्ती उभी राहिली. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं तिथं आजही आदराने घेतली जातात. ही सगळी हातानं शिकलेली माणसं. इंग्रजी मॅन्युअल वाचता येत नव्हतं, पण इंजिनाला कान लावून बेअरिंग कुठलं गेलंय ते सांगायची.

भारतभर हेच घडत होतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या मोटरसायकली लिलावात निघाल्या. दिल्लीत त्यातल्या हार्ले-डेव्हिडसन घेऊन, मागं बाकडी जोडून लोकांनी 'फटफटी' बनवल्या आणि चांदणी चौकाच्या रस्त्यावर कित्येक दशकं सवारी वाहिली. सौराष्ट्रात बुलेटचं पुढचं धड आणि मागं ट्रॉली लावून छकडो झाला. अमरेलीकडच्या मनसुखभाई जगानी नावाच्या शेतकऱ्याने तर बुलेटचं मागचं चाक काढून तिथं औत लावलं. बैलजोडी परवडत नव्हती, म्हणून. आज 'कस्टमाइज' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाखभर रुपये खर्च करून रंगवलेली गाडी येते. हे लोक पोटासाठी कस्टमाइज करत होते.

परदेशातही सुरुवात गरिबीतूनच झाली हे विसरू नका. अमेरिकेत युद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या लष्करी गाड्यांचे मडगार्ड छाटून पोरांनी 'बॉबर' बनवल्या. इंग्लंडमध्ये नॉर्टनच्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवून 'ट्रायटन' झाली. नवी वेगवान गाडी परवडत नाही म्हणून दोन जुन्यांची एक केली. शोरूममध्ये ही स्टाइल नंतर आली, आणि महागही नंतरच झाली.

*३५ हजारात काय होतं?*

आता आमच्या गाडीकडे येतो. गावातला एक मेस्त्री, सत्तरीच्या पुढचा, अण्णांच्याच वयाचा. गाडी टेंपोतून त्याच्या शेडसमोर उतरवली. तो गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "पैसे किती हायत ते आधी सांग. मग आपण ठरवू कुठं खर्चायचे. रंग बघून गाडी पळत नाही."

हे वाक्य लिहून ठेवा. जुनी गाडी उभी करणाऱ्या बहुतेकांचे पैसे इथंच बुडतात. आधी रंग, क्रोम, नवी सीट, आणि इंजिन उघडल्यावर खिसा रिकामा. मेस्त्रीने उलटा क्रम लावला. आधी जीव, मग थांबणं, मग दिसणं. म्हणजे आधी इंजिन, मग ब्रेक-टायर, आणि उरलंच तर रंग.

जावाचं इंजिन टू-स्ट्रोक, २५० सीसी, एकच सिलिंडर आणि त्याला दोन सायलेन्सर. गच्च झालेलं इंजिन हातोड्याने सोडवायचं नाही. स्पार्क प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइल ओतून आठ दिवस तसंच ठेवलं. रोज मागचं चाक जरा हलवून बघायचं. नवव्या दिवशी पिस्टन हलला, तेव्हा मेस्त्रीने पहिल्यांदा चहा मागवला.

उघडल्यावर कळलं की सिलिंडरला गंजाचे व्रण आहेत. बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन टाकणं आलं. टू-स्ट्रोकमध्ये खरी गोम असते ती क्रँकच्या ऑइल सीलमध्ये. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढलं जातं आणि तिथून वर जातं. त्यामुळे एका बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापून पुन्हा जाम होतं. दुसऱ्या बाजूचं गेलं तर गिअरचं ऑइल ओढलं जातं आणि पांढरा धूर. उभ्या गाडीची सीलं वाळून कडक झालेलीच असतात. म्हणून नवा पिस्टन टाकून जुनी सीलं ठेवणं म्हणजे नवं धोतर आणि फाटका सदरा. क्रँक प्रेसवर उघडून कॉनरॉड, बेअरिंगं, सीलं सगळं एकदम बदललं. क्रँक परत दाबताना तो सरळ बसला की नाही हे डायल गेज लावून बघायचं असतं. त्यासाठी उद्यमनगर गाठलं, कारण आमच्या गावात आता ते काम करणारा लेथवाला राहिलेला नाही.

खर्चाची वही जशी आहे तशी देतो, कुणाच्या उपयोगी पडेल:

बोअरिंग आणि पिस्टन: ३,२००
क्रँकचं सगळं काम: ६,४००
कार्बोरेटर सफाई-दुरुस्ती: ९००
क्लच प्लेटा, चेन, स्प्रॉकेट: ३,१००
टायर-ट्यूब, दोन्ही चाकं: ४,६००
स्पोक आणि रिम सरळ करणं: १,८००
ब्रेक लायनर, केबली: १,३००
वायरिंग, बॅटरी, पॉइंट, कंडेन्सर: ३,४००
टाकीचा गंज आणि गळती: ७००
मेस्त्रीची मजुरी: ६,०००

एकूण ३१,४००. उरले ३,६००. त्यात सीटचं कव्हर शिवून घेतलं आणि बाकी कागदपत्रांसाठी बाजूला ठेवले. रंगाला शून्य.

टायरसाठी सगळ्यात जास्त फिरावं लागलं, कारण जावाचं चाक १६ इंची, आणि त्या मापाचा टायर प्रत्येक दुकानात नसतो. काही भाग पुण्यात नाना पेठेत मिळाले, काही जुन्या बाजारात. मूळ कंपनीचा भाग मिळाला तर नशीब, नाहीतर लोकल. लोकल भाग वाईटच असतो असं नाही, पण मापून घ्यायचा. मेस्त्रीच्या खिशात व्हर्नियर कायम असतो, आणि दुकानदाराला त्याचा रागही येतो.

रंग न करण्यामागं पैसा होताच. पण खरं सांगू, टाकीवर डाव्या बाजूला रंग घासून पत्रा उघडा पडलाय, तिथं अण्णांचा गुडघा टेकायचा. तो डाग घालवायला मन होईना. आई म्हणाली, "राहू दे." मग राहिला.

*आता कागदांचा इतिहास*

गाडी चालू झाली. पहिल्या किकला नाही, अकराव्या किकला. जावाचा किक आणि गिअर एकाच दांड्यावर असतात, दांडा आत दाबून वर फिरवला की किक, परत खाली आणला की गिअर. माझ्या मुलीला हे जादूसारखं वाटलं. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो हे दाखवल्यावर तर ती म्हणाली, "आजोबांची गाडी ऑटोमॅटिक होती की!" अर्धीमुर्धी होतीच.

पण चालू गाडी आणि रस्त्यावर आणता येणारी गाडी यात सरकारी कागद उभा असतो. १९३९ च्या जुन्या मोटर वाहन कायद्याच्या काळात तीन अक्षरं आणि पुढं आकडे असा नंबर मिळायचा. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची झाली. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. २०२१ साली केंद्राने भंगार धोरण आणलं. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटरसायकलच्या नूतनीकरणाचं शुल्क ३०० वरून १,००० झालं, आणि २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या मोटरसायकलींसाठी २,०००. वर राज्याचा पर्यावरण कर, आणि नूतनीकरण चुकलं असेल तर उशिराचा दंड वेगळा.

त्याच २०२१ साली विंटेज गाड्यांचे नियमही आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, इंजिन-चासीत मोठे फेरफार नकोत. आणि नोंद झाली तरी रोज वापरायची नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

आमची जावा वयाने बसते. पण २०,००० म्हणजे आमच्या सगळ्या बजेटच्या निम्म्याहून जास्त. आणि वर्षातून दोन रॅलींसाठी आम्ही ती उभी केलेली नाही. मला तिच्यावरून बाजाराला जायचं आहे. म्हणून साध्या नूतनीकरणाची वाट धरली. तिथं कळलं की जुनी नोंद संगणकावर चढलेलीच नाही. जुनं आरसी बुक, चासी नंबरचा ठसा, वारस म्हणून कागद, एक ना दोन. फाईल अजून फिरतेय. खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता. त्याच्यासमोरच्या यंत्रणेला १९७१ हे साल ओळखता येत नव्हतं, इतकंच.

फेरफारांबद्दलही कायदा स्पष्ट आहे. कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केलं. रंग बदलला तरी आरसीवर नोंद करावी लागते. कर्णकर्कश सायलेन्सर लावाल तर तो रोडरोलरखाली जाईल, आणि माझ्या मते जायलाच हवा. गाडीचा नाद आणि शेजाऱ्याचा डोकं उठवण्याचा नाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

*दुसरी बाजूही मांडतो*

काही मित्र म्हणतील, जुन्या गाड्या धूर सोडतात, त्या जायलाच हव्यात. मुद्दा बरोबर आहे. टू-स्ट्रोकमध्ये काही पेट्रोल न जळताच बाहेर पडतं, वर मिसळलेलं ऑइल जळतं ते वेगळंच. २००० सालच्या प्रदूषण निकषांनंतर टू-स्ट्रोक मोटरसायकली मागं पडत गेल्या त्या याच कारणाने. त्याच्या आधीच १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली होती आणि लिटरमागे किती किलोमीटर हा हिशेब घराघरात सुरू झाला होता. त्या हिशेबात जावा कधीच बसणार नव्हती. १९७३ पासून येझ्दी नावाने निघणारी ही गाडी १९९६ साली कारखान्यासकट बंद झाली. २०१८ मध्ये जावा नाव परत आलं, पण ती गाडी वेगळी, फोर-स्ट्रोक.

म्हणून माझं म्हणणं असं नाही की सगळ्या जुन्या गाड्या सोडून द्या. माझं म्हणणं एवढंच की गाडीची लायकी तिच्या हालतीवरून ठरवा. महिन्याला शंभर किलोमीटर चालणारी, सीलं-पिस्टन नीट असलेली गाडी आणि दिवसभर काळा धूर ओकणारा डंपर यांना एकाच वयाच्या फूटपट्टीने मोजू नका. तपासणी कडक घ्या, खुशाल घ्या. पण ती तालुक्याच्या माणसाला परवडेल अशी आणि एका फेरीत होईल अशी ठेवा. जुन्या नोंदी संगणकावर चढवायची जबाबदारी गाडीमालकावर टाकू नका, त्या नोंदी सरकारनेच केल्या होत्या. आणि आयटीआयमध्ये नव्या इलेक्ट्रिक गाड्यांचं शिकवताना एखादा तास या म्हाताऱ्या मेस्त्र्यांनाही द्या.

हे शेवटचं का सांगतोय? काम संपल्यावर मी मेस्त्रीला विचारलं, तुमच्यामागं हे कोण करणार? तो हात पुसत म्हणाला, "पोरगा पुण्याला कंपनीत हाय. बरं चाललंय त्याचं. ही हत्यारं मी गेल्यावर त्यो भंगारवालाच नेणार, तुझ्या गाडीला आला होता त्योच."

त्या क्षणी मला वाटलं, आपण गाडी वाचवली खरी, पण काट्यावर गाडीपेक्षा मोठं काहीतरी चढतंय. टंचाईच्या त्या काळाने आपल्याला जे हातातलं शहाणपण दिलं, त्याला किलोचा भाव नाही. तसं विकायला निघालो तर सहा हजारही येणार नाहीत.

आता दर रविवारी सकाळी मुलगी त्या मेस्त्रीकडे जाते. सध्या पॉइंटचा गॅप सेट करायला शिकतेय. अजून नीट जमत नाही. मेस्त्री ओरडतो, ती परत करते.

तुमच्या परड्यात, गोठ्यात, वाड्याच्या जोत्याखाली अशी एखादी गाडी उभी असेल तर भंगारवाल्याला बोलवायच्या आधी तीन गोष्टी करा. आरसी बुक शोधा. इंजिन आणि चासी नंबरचा फोटो काढून ठेवा. आणि गावातला सगळ्यात म्हातारा मेस्त्री कोण ते विचारा. तो अजून असेल तर लवकर जा.

तुमच्याकडे कुठली गाडी होती, आणि तिचा मेस्त्री कोण होता, ते खाली जरूर लिहा.